पडद्याच्या कडेपर्यंत पाहणारा दवाखाना

या नेत्ररुग्णालयाच्या पडदा विभागाबद्दल, म्हणजे डोळ्याच्या आतल्या चित्र टिपणाऱ्या थरावर उपचार करणाऱ्या विभागाबद्दल, लिहायचं मनात येऊन बरेच महिने झाले. पण डोळ्यात सुया जात होत्या आणि उजव्या डोळ्यात किती दृष्टी उरणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून थांबले होते. ज्यांचं किडनी, यकृत किंवा अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं आहे, ज्यांची केमो चालू आहे, ज्यांना एचआयव्ही आहे किंवा जे संधिवातासारख्या आजारासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नुसता चष्म्याचा नंबर काढायचा असेल तर इथे जाऊ नका. अर्धा दिवस जातो.

मी मुद्रितशोधन करते. किडनी धाकट्या भावाने दिली. नवव्या महिन्यात शरीराने ती नाकारायला सुरुवात केली, तेव्हा ती वाचवण्यासाठी शिरेतून जबर औषधं दिली गेली. किडनी वाचली, पण प्रतिकारशक्ती पार तळाला गेली. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू डोकं वर काढू नये म्हणून पुन्हा तीन महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी दिली आणि मग ती बंद केली. हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात लहानपणापासून असतोच, निजलेला. आपली प्रतिकारशक्ती त्याला निजवून ठेवते. ती आम्ही औषधांनी दाबतो, किडनी टिकावी म्हणून.

गोळी बंद झाल्यावर पाच-सहा आठवड्यांनी प्रुफांत मला नको तिथे अनुस्वार दिसायला लागले. एक शब्द तर मी चुकीचा म्हणून खूण करून परत पाठवला, आणि तिथे टिंब नव्हतंच. नजर हलवली की टिंबही हलायचं. डोळा लाल नाही, दुखत नाही, चिकटत नाही, पाणी येत नाही. वयामुळे असेल, असं म्हणून मी जवळच्या एका ठिकाणी गेले. (ते ठिकाण कोणतं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही.) त्यांनी नंबर तपासला, यंत्रात हनुवटी ठेवून डोळ्याचा पुढचा भाग पाहिला, 'कोरडेपणा आहे' म्हणून थेंब लिहून दिले. बाहुली मोठी करणारं औषध घातलं नाही. कोणत्या गोळ्या चालू आहेत हे विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. किडनीचा आणि डोळ्याचा काय संबंध, असं मला त्या दिवशी वाटत होतं.

त्याच काळात मी घरी चौकटीचं कार्डही पाहत होते. स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांच्या नावाचं हे कार्ड अनेकांना ठाऊक असेल: दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यात पाच-पाच मिलिमीटरच्या चारशे चौकटी, मधोमध ठिपका. एक डोळा झाकून वाचायच्या अंतरावरून ठिपक्याकडे पाहायचं. रेषा वाकड्या दिसल्या किंवा चौकटी गायब झाल्या तर डॉक्टरांकडे जायचं. माझ्या सगळ्या रेषा सरळ होत्या. रोज सरळ. त्या कार्डाने मला तीन आठवडे धीर दिला आणि तो धीर खोटा होता. कार्डाचा दोष नाही. ते नजरेच्या मधल्या भागासाठी बनवलं आहे, ठिपक्यापासून चारही बाजूंना जेमतेम दहा अंश. हा विषाणू पुष्कळदा पडद्याच्या कडेकडून सुरुवात करतो, आणि तिथवर कार्ड पोहोचतच नाही.

शेवटी कळलं ते कोरडेपणाच्या थेंबांमुळेच. उजव्या डोळ्यात थेंब टाकला, डावा हाताने दाबून धरला आणि समोर पडलेल्या पानाच्या मधोमध नजर गेली. पानाचा खालचा डावा कोपरा तिथे नव्हता. काळा नव्हता, फाटलेला नव्हता, नुसता नव्हता. डावा उघडला की कोपरा परत. उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू डावा डोळाही पाहत असतो आणि एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून तोवर पत्ताच लागला नव्हता.

प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी या विभागाचं नाव सांगितलं आणि 'आजच जा' म्हणाले. संध्याकाळचे साडेचार झाले होते. धाकट्या बहिणीला घेऊन गेले.

इथून खरं परीक्षण सुरू होतं.

नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी नाव, वय विचारते आणि लगेच पुढचा प्रश्न: "प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध चालू आहे का? प्रत्यारोपण, केमो, स्टेरॉइड?" मी हो म्हणताच कागदाच्या कोपऱ्यात तिने एक खूण केली. त्या एका खुणेने पुढचं सगळं बदललं. चष्म्याच्या रांगेतून काढून मला सरळ थेंब घालणाऱ्या परिचारिकेपुढे बसवलं. अर्ध्या तासात बाहुल्या मोठ्या झाल्या. डोळ्याच्या कोणत्याही दवाखान्यात खिडकीवरच हा प्रश्न विचारला जायला हवा, असं मला कळकळीने वाटतं.

डॉक्टर तरुण होते. कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून त्यांनी मला आडवं झोपवलं आणि वर बघा, उजवीकडे बघा, खाली बघा असं करत पडद्याची कडन् कड पाहिली. प्रकाश डोळ्यात खुपतो, पाणी वाहतं, आणि कड दिसावी म्हणून ते बाहेरून पापणीवर एक छोटी बोथट काडी हलकेच दाबतात. सुखाचं नाही. पण आधीच्या ठिकाणी जे राहून गेलं ते हेच. दुसरा डोळाही तसाच पाहिला, मी तक्रार केली नसताना. या विषाणूचं दुखणं एका डोळ्यात सापडलं की दुसराही तपासायचाच असतो, असं ते म्हणाले. माझा डावा स्वच्छ निघाला.

मग रुंद फोटो काढला. साध्या यंत्रात पडद्याचा तीस-पन्नास अंशांचा तुकडा येतो, या यंत्रात एका फोटोत जवळजवळ सगळा पडदा. संगणकाच्या पडद्यावर डॉक्टरांनी मला तो दाखवला. केशरी पृष्ठभागावर वरच्या बाहेरच्या बाजूला एक पांढुरका-पिवळा पट्टा, शिरेच्या कडेकडेने पसरत गेलेला, आणि त्यात रक्ताचे डाग. "ताई, इथला पडदा मेलाय," ते म्हणाले. "डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून तुम्हाला खालचा कोपरा दिसत नाही. गेलेला भाग परत येणार नाही. आपल्याला याची कड थांबवायची आहे."

हे वाक्य त्यांनी पहिल्याच दिवशी, बहिणीच्या देखत, डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. 'बघू, होईल बरं' असं म्हणणारी माणसं मला आजारपणात खूप भेटली. त्यांच्यामुळे आशा वाढते आणि वेळ जातो. उपचार न केल्यास ही कड आठवड्याला साधारण पाव मिलिमीटर सरकते, हे त्यांनी पट्टीवर दाखवलं. पाव मिलिमीटर म्हणजे काय हे मुद्रितशोधन करणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पण पडद्याचा ज्या ठिकाणी आपण वाचतो तो मधला भागच मुळात दीड मिलिमीटरच्या आसपास असतो.

तिथेच खुर्चीत मी बसलेली असताना त्यांनी माझ्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघांचं बोलणं मी ऐकलं: क्रिएटिनिन किती, पांढऱ्या पेशी किती, कोणती गोळी कमी करता येईल. आमच्यासारख्यांचं सगळं या फोनवर अवलंबून असतं. डोळ्याच्या औषधाने पांढऱ्या पेशी पडतात, किडनीच्या औषधानेही पडतात. डोळा वाचवायला प्रतिकारशक्ती वाढू द्यायची तर किडनी धोक्यात. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले नाहीत तर हा हिशेब रुग्णाच्या अंगावर येतो, आणि तो त्याला झेपणारा नसतो.

निदान पक्कं करायला डोळ्याच्या पुढच्या भागातून सुईने थेंबभर पाणी काढलं आणि विषाणूच्या पीसीआर तपासणीला पाठवलं. निकालाची वाट न पाहता उपचार त्याच संध्याकाळी सुरू केले. निकाल आला तो सायटोमेगॅलोचाच. रक्ताच्या तपासणीत मात्र त्याच आठवड्यात विषाणू जेमतेम सापडला. म्हणजे 'रक्त स्वच्छ आहे, मग डोळ्यात कुठून येणार' असं कुणी म्हणालं तर थांबू नका. डोळ्यात असू शकतो.

आता इंजेक्शनबद्दल, कारण सगळे तेच विचारतात. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात असं होतं: बधिर करणारे थेंब दोन-तीनदा, मग पोविडोन आयोडीनने पापण्या आणि डोळा धुतात, पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून तारेची चिमटी बसवतात. तिचा ताण सुईपेक्षा जास्त जाणवतो. मग "वर डावीकडे बघा" म्हणतात. बुबुळाच्या कडेपासून मोजून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसाएवढी बारीक सुई. एक दाब जाणवतो, दुखणं जवळजवळ नाही. आणि मग जे दिसतं त्याची कल्पना मला कुणी दिली नव्हती: औषध आत पसरताना डोळ्यासमोर धुराची वळी उठतात, स्वच्छ पाण्यात शाईचा थेंब सोडावा तशी. पहिल्या वेळी मी घाबरून ओरडले. परिचारिकेने हात धरला आणि म्हणाली, "औषध दिसतंय तुम्हाला, घाबरू नका." हे आधी सांगायला हवं होतं, आणि मी तसं त्यांना सांगितलं. पाचव्या खेपेला शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तीच परिचारिका हे आधी सांगत होती.

सुई काढल्याबरोबर डॉक्टर बोटं मोजायला लावतात. डोळ्यातला दाब एकदम चढून उजेड बंद झालेला नाही ना, ते बघायचं असतं. दिवसभर आयोडीनची चुरचुर राहते आणि टोचलेल्या जागी लाल डाग उमटतो, तो आठवडाभरात जातो. पण पुढच्या दिवसांत दुखणं वाढत गेलं, नजर अंधुक होत गेली तर रात्री-अपरात्रीही यायचं, असं एका ठळक अक्षरांच्या कागदावर लिहून दिलं होतं, कारण आत जंतुसंसर्ग झाला तर तासांचा खेळ असतो. माझी एकूण नऊ इंजेक्शनं झाली: तीन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक. प्रत्येक वेळी गॅनसायक्लोव्हिर, याच विषाणूवरचं औषध, २ मिलिग्रॅम.

सोबत व्हॅलगॅनसायक्लोव्हिरच्या गोळ्या पोटातून. फक्त डोळ्यात औषध दिलं तर दुसरा डोळा आणि बाकीचं शरीर उघडं राहतं, म्हणून दोन्ही. पूर्ण मात्रा ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते. माझ्या किडनीच्या ताकदीप्रमाणे ती ४५० दोनदा केली. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि तोडायची किंवा कुटायची नाही, कारण तिची पूड हाताला लागणंही चांगलं नाही. गर्भाला ती घातक ठरू शकते. मला कळलं ते हे की माझ्या गोळ्या बहिणीने डब्यात भरताना एकही तुटलेली असेल तर हाताळू नये. हे सगळं औषधांच्या खिडकीवर एका बाईंनी दहा मिनिटं बसवून समजावलं. चौथ्या आठवड्यात माझ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी ९०० वर घसरल्या. किडनीच्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट काही दिवस थांबवलं, पेशी वाढवणारी दोन इंजेक्शनं दिली, डोळ्याचं औषध बंद पडू दिलं नाही.

एका दुपारी तिथल्या ज्येष्ठ डॉक्टर मॅडम फोटो बघायला आल्या होत्या. त्यांनी या आजाराचा जुना काळ पाहिला आहे. १९९६ च्या आसपास एचआयव्हीची एकत्रित प्रभावी औषधं येण्याआधी एड्सच्या दर दहा रुग्णांमागे साधारण तिघांना हा पडद्याचा संसर्ग व्हायचा. सीडी-४ पेशी (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) ५० च्या खाली गेल्या की डॉक्टरांना धसका बसायचा. गॅनसायक्लोव्हिर १९८९ मध्ये आलं तेव्हा ते आयुष्यभर शिरेतून घ्यावं लागायचं. मग डोळ्यात शिवून बसवायची, महिनोन्‌महिने औषध झिरपवणारी चकती आली. १९९८ मध्ये फोमिव्हर्सेन आलं, विषाणूच्या जनुकीय संदेशालाच चिकटून त्याचं काम बंद पाडणाऱ्या जातीचं पहिलं मान्य औषध, आणि तेही याच आजारासाठी. २००१ मध्ये व्हॅलगॅनसायक्लोव्हिरची गोळी आली. चकती आणि फोमिव्हर्सेन दोन्ही आता मिळत नाहीत, कारण एचआयव्हीच्या उपचारांनी रुग्णच घटले. "आता येतात ते तुमच्यासारखे," मॅडम म्हणाल्या, "आणि येतात उशिरा, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं."

मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्यारोपणानंतर घरी परतताना मला औषधांचा तक्ता मिळाला, पथ्याचा कागद मिळाला, ताप आला तर काय करायचं ते मिळालं. डोळ्यापुढे काळे ठिपके आले, वीज चमकल्यासारखं दिसलं, कडेचा भाग नाहीसा झाला तर काय करायचं, याची एक ओळही त्यात नव्हती.

आता उणिवा. मोठी उणीव प्रतीक्षागृहाची आहे, आणि ती किरकोळ नाही. डोळे आलेली माणसं, लाल, चिकट डोळ्यांची, त्याच बाकांवर आमच्या शेजारी बसतात. डोळे येण्याच्या साथीला बहुतेकदा ॲडिनोव्हायरस कारण असतो. तो कोरड्या पृष्ठभागावर आठवडाभराहून जास्त जगू शकतो, हातातून डोळ्यात जातो, आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलने तो नीट मरत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. धडधाकट माणसाचे डोळे दोन आठवड्यांत बरे होतात. आमच्यात तो रेंगाळतो आणि डोळ्यापुरता राहीलच असं नाही. आतल्या खोल्यांत ही मंडळी काटेकोर आहेत: यंत्राची हनुवटी-पट्टी दर रुग्णानंतर पुसतात, डोळ्यातला दाब मोजायचं टोक पातळ ब्लीचमध्ये बुडवून ठेवतात, थेंबाच्या बाटलीचं तोंड पापणीला लागू देत नाहीत. बाहेर मात्र बाकावर सगळे एकत्र. मी लेखी तक्रार दिली. दोन आठवड्यांनी लाल डोळ्यांच्या रुग्णांसाठी जिन्याजवळ वेगळ्या खुर्च्या आल्या, पण गर्दीच्या दिवशी पुन्हा सरमिसळ होते. भिंतीला न टेकता, मासिकं न हाताळता बसा आणि आत जाण्याआधी साबणाने हात धुवा.

दुसरी उणीव म्हणजे वाट पाहणं. सरासरी तीन तास. बाहुल्या मोठ्या असल्याने वाचता येत नाही, फोन बघता येत नाही. सोबत कुणीतरी हवंच, कारण पुढचे चार-सहा तास उजेड सोसत नाही आणि गाडी चालवता येत नाही.

पण तातडीचा रुग्ण ते ओळखतात, हेही मी त्याच बाकावर पाहिलं. रक्ताच्या कर्करोगाची केमो चालू असलेले एक गृहस्थ आले, कपाळाच्या एका बाजूला नागिणीचे फोड आणि एक फोड थेट नाकाच्या शेंड्यावर. खिडकीवरच्या मुलीने तो शेंड्यावरचा फोड पाहिला आणि त्यांना सगळ्यांच्या आधी आत नेलं. डोळ्याला आणि नाकाच्या शेंड्याला एकाच नसेची फांदी जाते. शेंड्यावर फोड आला तर डोळाही त्या दुखण्यात सापडण्याची भीती खूप वाढते. हचिन्सनची खूण म्हणतात तिला. विषाणूविरोधी औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. नागिणीवरची दोन डोसची नवी लस जिवंत विषाणूची नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना ती देता येते; प्रत्यारोपणाच्या आधी घेतलेली उत्तम. मला ते आधी कळलं नव्हतं, नंतर घेतली.

आणखी एक. मी थेंबांची पिशवी तपासायला नेली होती. त्यात जुनी अर्धी बाटली स्टेरॉइडची होती, शेजारच्या कुणाला कधी दिलेली, "लाली जाते" म्हणून माझ्याकडे आलेली. तरुण डॉक्टरांनी ती समोर कचऱ्यात टाकली. बुबुळावर हर्पिस विषाणूचा व्रण असेल, रंगाचा थेंब घातल्यावर निळ्या प्रकाशात झाडाच्या फांदीसारखा हिरवा चमकतो तो, तर नुसत्या स्टेरॉइडने लाली उतरते आणि खाली व्रण पसरत जातो. त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला.

आज सात महिने झाले. पट्ट्याची कड सुकली आहे, फोटोत ती आता राखाडी, पातळ चट्टा म्हणून दिसते. मेलेल्या भागात पडदा कागदासारखा विरविरीत होतो आणि तिथून सुटू शकतो, म्हणून वीज चमकणं, ठिपक्यांचा लोट किंवा डोळ्यापुढे काळा पडदा खाली आल्यासारखं दिसणं यावर नजर ठेवायला सांगितलं आहे. मी रोज सकाळी एक डोळा झाकून कार्डाऐवजी समोरच्या दाराच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांकडे लक्ष देते, नजर मधोमध ठेवून. खालचा डावा कोपरा नाही. बाकीचे तीन आहेत. गोळी आता दिवसातून एकदा, आणि डोळ्याची तपासणी महिन्यातून एकदा.

अपॉइंटमेंट फोनवर घेताना 'डोळे दाखवायचे आहेत' एवढंच सांगू नका. कोणतं प्रत्यारोपण, कोणती औषधं, आणि डोळ्यापुढे नेमकं काय दिसतं ते सांगा. मग त्याच दिवशी बोलावतात. गोळ्यांची यादी आणि शेवटची रक्ततपासणी हातात ठेवा. आणि कुणीही 'सगळं ठीक आहे' म्हटलं तर विचारा, बाहुली मोठी करून पाहिलं का.